मेणावरचा रंग

दार उघडलं की आधी वास यायचा. ओलं फडकं बादलीत विसरून माणसं आठवडाभर परगावी जावीत, तसा वास. ड्रायव्हरवहिनी उंबऱ्यावर थांबून छाती भरून हवा घ्यायची, तोंड मिटायची आणि मगच आत पाऊल टाकायची. आपल्याच घरात असं बुडी मारल्यासारखं शिरावं लागतं याची तिला आता लाजही वाटेनाशी झाली होती. नुसता वीट आला होता.

तिचा नवरा सैन्यात ट्रक चालवायचा आणि सध्या दूर कुठेतरी सीमेवर होता. कुठे, ते घरी सांगायची परवानगी नव्हती. कॉलनीत बायकांना स्वतःची नावं नसत. नवरा जे काम करी त्यावरून बायको ओळखली जाई. हिची शेजारीण बिगुलवहिनी, कारण तिचा नवरा पहाटे बिगूल वाजवून सगळ्यांची झोप मोडायचा. एकट्या मोठ्या साहेबांच्या बायकोला कोणी साहेबवहिनी म्हणत नसे. त्या मॅडम.

झोपायच्या खोलीची मागची भिंत हे सगळ्या दुखण्याचं मूळ होतं. तिच्या पोटातून वरच्या मजल्याच्या न्हाणीचा पाइप खाली यायचा आणि आतल्या आत कुठेतरी झिरपायचा. छताखालपासून पलंगापर्यंत काळी बुरशी उतरली होती. नुसती काळी नव्हे, लव असलेली. बोट लावलं की बोटाला चिकटायची. वहिनी ती सोड्यानं घासायची, फिनेलनं पुसायची, नाकाला फडकं बांधून खरवडायची. चार दिवसांत बया पुन्हा हजर, जणू घर तिच्याच नावावर आहे.

मुलाचं लाडाचं नाव इंजिन. नुकते पाय फुटले तेव्हा तो घरभर सुसाट धावायचा, म्हणून बापानं ते ठेवलं होतं. आता चौथं संपत आलं होतं, पण खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला की तो मटकन खाली बसायचा, आणि त्याच्या छातीतून थंडीत सुरू न होणाऱ्या गाडीसारखी घरघर यायची. नाव असं खरं ठरलं म्हणून वहिनीला त्या नावाचाच राग यायचा.

"घर बदला," हॉस्पिटलच्या डॉक्टरनं सांगितलं. "औषध मी देईन हो, पण तुम्ही त्याला परत त्याच भिंतीशी निजवणार. मग मी काय करू?"

घर बदलून मागायला ती क्वार्टरांच्या ऑफिसात गेली. एकदा नव्हे, चपला झिजेपर्यंत गेली. तिथला सुपरवायझर लोण्यासारखं मऊ बोलायचा आणि बोलताना कानात काडी फिरवायचा.

"ओल? या क्वार्टरला ओल नाही," तो म्हणाला. "आधीची सगळी कुटुंबं भिंती लख्ख ठेवून गेलीत. एकाचीही तक्रार नाही. म्हणजे ओल तुमच्या वेळेला आली, वहिनी. घरात कपडे वाळत घालता का?"

"घालते. बाहेर दोरी बांधायला तुम्हीच मनाई केलीत, वाईट दिसतं म्हणून."

"बघा! वाफ धरते मग. आणि पाणीही उकळत असाल."

"पाणी सगळेच उकळतात. तुमच्या घरी चहा काय कच्चा पितात?"

सुपरवायझर हसला. काडी बाहेर काढून त्यानं तिच्या टोकाकडे निरखून बघितलं आणि ती वहिनीच्याच अर्जाच्या कोपऱ्याला पुसली. "रिकामी क्वार्टर नाही हो. आली की कळवू."

ती दात खात बाहेर पडली. कारण भिंती लख्ख का असतात हे तिला माहीत होतं, कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायकांना माहीत होतं, फक्त ऑफिसाला माहीत नव्हतं. बदली झाली की घर परत करताना तपासणी व्हायची. भिंतीवर डाग दिसला तर तो राहणाऱ्यांनीच पाडला असं धरायचे आणि नवऱ्याच्या नावापुढे शेरा मारायचे. शेरा पडला की बढती लटकली. म्हणून प्रत्येक बाई जायच्या आधी भिंतीला मेण लावायची. साधी पांढरी मेणबत्ती डागावर घासायची, तळहातानं चोळून गुळगुळीत करायची आणि वरून रंगाचा एक हात द्यायची. मेणामुळे ओल काही दिवस अडून राहायची. तेवढ्यात सामान गाडीत चढायचं, तपासणी व्हायची, बाई शाबासकी घेऊन निघून जायची, आणि पुढची बाई आपली लेकरं घेऊन त्या लख्ख घरात शिरायची. ही विद्या शेजारणीकडून शेजारणीकडे चालत आली होती. मेणाचं नाव ऑफिसापुढे काढायचं नाही, हा तिचा पहिला नियम. दर खेपेला एक बाई दुसरीच्या पोरांना बुरशीत ढकलून जायची, आणि जाताना तिला वाटायचं, आपण घर किती छान ठेवलं!

अशात बातमी आली. सैनिकांच्या कुटुंबांची घरं आणि मुलांची सोय कशी सुधारावी हे बघायला वरून एक बाई येणार होत्या. झालं, कॉलनीची नुसती धांदल उडाली. झाडांच्या बुंध्यांना चुना लागला, रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागला. टाकीपाशी झोपलेलं कुत्रं वेळेवर उठलं म्हणून वाचलं. कुलूप लागून गंजलेलं पाळणाघर उघडलं गेलं आणि त्यात बुटक्या रंगीत खुर्च्या येऊन पडल्या. त्यांच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही असा हुकूम होता.

मॅडम स्वतः ड्रायव्हरवहिनीच्या दारात आल्या. नाकाला रुमाल होता, पण डोळे हसत होते.

"सगळ्यात टापटीप घर तुझं, म्हणून पाहुण्यांना तुझंच दाखवायचं ठरलंय. भिंतीचं काय ते आम्ही बघतो. तुला काही विचारलं तर 'छान आहे' एवढंच म्हणायचं."

"आणि माझ्या पोराचं, मॅडम?"

"अगं, पाळणाघर उघडतोय ना आपण! पहिली जागा तुझ्या मुलाची. सगळं नीट पार पडलं तर."

घास खाताना दाताखाली खडा यावा तसं ते 'पार पडलं तर' वहिनीला लागलं. पण तिनं ते गिळलं. ती गावातल्या औषधांच्या दुकानात कामाला होती आणि इंजिन दिवसभर काउंटरखाली रिकाम्या खोक्यांत बसून असायचा. मालकानं सांगून टाकलं होतं, मुलाची काहीतरी सोय करा, नाहीतर तुम्हीच घरी बसा. पाळणाघरात जागा म्हणजे पोराला दिवसभर कोरडी हवा आणि तिची नोकरी शाबूत. तेवढ्यासाठी ती कशालाही 'छान आहे' म्हणायला तयार होती. आपल्या या तयारीचीच तिला बुरशीपेक्षा जास्त किळस आली.

सुपरवायझरनं माणसं आणून भिंत फिक्या निळ्या रंगानं रंगवून घेतली. दुसऱ्या दिवशी निळ्यातून काळे ठिपके वर आले. पुन्हा रंगवली, पुन्हा ठिपके. पाहुण्या उद्यावर येऊन ठेपल्या तेव्हा मॅडमचा चेहरा भिंतीहून वाईट झाला होता.

"घर सोडताना तुम्हा सगळ्यांच्या भिंती एवढ्या लख्ख कशा असतात गं?" त्यांनी बिगुलवहिनीला विचारलं.

"काय की बाई," बिगुलवहिनी म्हणाली. मॅडमची पाठ वळताच तिनं एक मेणबत्ती काढून ड्रायव्हरवहिनीच्या हातात कोंबली. "घास. पोराच्या जागेसाठी घास."

"माझ्या आधी या घरात तुम्हीच होतात ना? तुम्हीही घासली होतीत?"

"घासली होती. माझ्या आधीचीनंही घासली होती. मग काय, ह्यांच्या नावावर शेरा घेऊ?" बिगुलवहिनी भिंतीकडे न बघता बोलत होती. "माझी धाकटी इथे असताना अशीच खोकायची. शेजारच्या घरात गेलो आणि थांबली. आता बोलू नकोस, घास."

ड्रायव्हरवहिनीनं घासली. मेण, बुरशी आणि अर्धवट ओला रंग यांचा मिळून एक राखाडी लगदा झाला आणि तो तिच्या तळहातांच्या रेषांत जाऊन बसला. मग रंगाऱ्यांनी वरून शेवटचा हात दिला. भिंत खरंच छान दिसू लागली. तिनं साबण लावून लावून हात धुतले तरी जेवताना घासाला तोच वास येत राहिला, तेव्हा ती ताटावरून उठून गेली.

संध्याकाळी सुपरवायझर एक भलामोठा हीटर घेऊन आला. रंग सकाळपर्यंत वाळायला हवा होता. त्यानं हीटर भिंतीला जवळजवळ चिकटवूनच ठेवला आणि कान पूर्ण पिळला. मेणाला ऊन दाखवायचं नसतं हे कॉलनीतली कुठलीही बाई सांगेल. पण ते सांगायचं म्हणजे मेणाचं नाव घ्यायचं.

"जरा लांब ठेवा ना," ती एवढंच म्हणाली.

"आता तुम्ही मला रंगकाम शिकवा," सुपरवायझर म्हणाला.

मग तिनंही तोंड मिटलं. मर मेल्या, असं मनात म्हणाली आणि पोराला घेऊन स्वयंपाकघरात निजली.

सकाळी एक शिपाई गोणी घेऊन दारोदार फिरला. पाळणाघराला खेळणी कमी पडत होती, तेव्हा घरोघरची चांगली खेळणी आजच्यापुरती द्यायची होती. इंजिनचा लाल लाकडी ट्रक, बापानं दिलेला, गोणीत गेला. पाठोपाठ खुद्द इंजिनलाही नेलं, कारण मुलंही कमीच पडत होती. वहिनी इस्त्रीचे कपडे घालून घरात बसून राहिली. 'छान आहे, छान आहे,' ती तोंडातल्या तोंडात घोकत होती.

दुपार कलली. हीटर अजून चालूच होता. पाहुण्या येईपर्यंत बंद करू नका, असं सांगून ठेवलं होतं. आणि आतून आवाज आला. ओली सतरंजी दोरीवरून घसरावी तसा, जाड आणि सावकाश. वहिनी धावत आत गेली. भिंतीवरचा रंग अख्खाच्या अख्खा सुटून पलंगावर लोळत होता. नुसता कालचा निळा नव्हे. कितीक बायकांनी कितीक वेळा लावलेले मेणाचे आणि रंगाचे थर एकमेकांना धरून खाली आले होते. मागे उघडी भिंत काळीकुट्ट, बुळबुळीत, आणि मधोमध पाण्याची एक बारीक धार सुखानं वाहत होती. मग तिला दिसलं की हे सगळं तिच्या पोराच्या उशीवर पडलंय. तो इथे निजला असता तर?

तेवढ्यात दारात शिपाई. "वहिनी, पाहुण्यांना उशीर झालाय. त्या घर बघायला येणार नाहीत. मॅडमनी सांगितलंय, घर बघितलं असं धरलंय. तुम्ही चहाला चला."

"काय धरलंय?"

"घर बघितलं, असं. आणि छान आहे, असं."

एवढा वेळ वहिनीला भीती होती ती भिंत दिसण्याची. आता कळलं की भिंत दिसली काय, न दिसली काय, कोणाला काडीचा फरक पडणार नव्हता. ती तरातरा आत गेली. पलंगावरचा तो अजून कोमट, लवचीक पापुद्रा तिनं टोकाला धरून चटईसारखा गुंडाळला, तो खांद्यावर टाकला आणि शिपायाला ढकलून चालू लागली.

पाळणाघरात टेबलावर पांढरी चादर, केकच्या बशा, फुलं. भिंतीकडेला प्लास्टिक न काढलेल्या खुर्च्यांवर मुलं रांगेनं बसलेली. बिगुलवहिनी पांढरा एप्रन घालून आया झाली होती. इंजिन मात्र खुर्चीत नव्हता. तो फळीसमोर उभा राहून वर ठेवलेल्या लाल ट्रककडे हात करून रडत होता, आणि मॅडम दातांतल्या दातांत त्याला म्हणत होत्या, "त्याला हात नाही लावायचा राजा, ते पाहुण्यांना दाखवायचंय." रडताना त्याची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती.

वहिनीनं खांद्यावरचं ओझं पाहुण्यांपुढच्या टेबलावर उलगडलं. निळी बाजू खाली गेली, काळी वर आली. बशा सरकल्या आणि बुरशीचा वास केकवर पसरला. पाहुण्या जाड भिंगांच्या, पाय सुजलेल्या, दमलेल्या बाई होत्या. त्यांच्या हातातला केकचा तुकडा तोंडाशी जाता जाता थांबला.

"हे काय आहे?"

"माझं घर आहे," वहिनी म्हणाली. "तुम्हाला यायला वेळ नव्हता ना, म्हणून घेऊन आले."

मॅडमनी काय करावं? त्यांनी शेजारच्या टेबलावरची चादर ओढली आणि त्या पापुद्र्यावर टाकली. विचार करून नव्हे, आपसूक. कॉलनीत काहीही काळं दिसलं की सगळ्यांचे हात त्यावर पांढरं शोधू लागायचे, तसंच. पाहुण्यांशेजारी बसलेले मोठे साहेब खाकरले. "जरा बाई भावनेच्या भरात आहेत. ही ओल यांच्याच काळातली आहे. त्या क्वार्टरची आधी कधी तक्रार नाही."

ड्रायव्हरवहिनी बिगुलवहिनीकडे बघत होती. बिगुलवहिनीचा हात एप्रनला पुसला जात होता, पुन्हा पुन्हा. मग ती पुढे आली आणि तिनं चादर उचलली.

"हा निळा कालचा," ती पापुद्र्याची कड वाकवून दाखवत म्हणाली. "त्याच्या वरचा हा पिवळा माझा. मी लावला होता, मेण घासून. गुलाबी माझ्या आधीचीचा. त्याच्याही आधीचे आणखी आहेत, मोजा हवं तर. माझी पोरगी या भिंतीशी खोकत वाढलीय."

मेणाचं नाव निघालं होतं, आणि तेही साहेबांसमोर.

"तुम्ही इथल्या आया ना?" पाहुण्यांनी विचारलं.

"आजच्यापुरती. उद्या इथे कुलूप लागणार. खुर्च्या परत जाणार, म्हणून तर प्लास्टिक काढू देत नाहीत. खेळणीसुद्धा या पोरांचीच आहेत. तो रडतोय, तो ट्रक त्याचाच आहे."

पाहुण्यांनी हातातला केक खाली ठेवला. "तो ट्रक त्याला द्या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी मी निघण्याआधी इथे येईन. तुम्ही मला इथेच दिसायला हव्यात, आणि किल्ली तुमच्याकडे. आता घर बघू."

"उशीर होतोय पण," मोठे साहेब म्हणाले.

"मला उशीर होतोय. तुमची काय घाई?"

सगळी वरात ड्रायव्हरवहिनीच्या घराकडे निघाली. दार उघडंच होतं. आत सुपरवायझर पलंगावर बुटासकट उभा, हातात ब्रश, पायाशी रंगाची बादली. मॅडमनी त्याला कधी पिटाळलं कोण जाणे! घाईघाईनं तो त्या ओल्या काळ्या भिंतीवर पांढरा रंग फासत होता. पाण्याच्या धारेबरोबर रंग खाली ओघळत होता आणि इंजिनच्या उशीवर टपटप पडत होता. साहेबांना बघून तो खाडकन सावध झाला आणि ब्रशसकटच सलाम ठोकून बसला. कपाळावर पांढरा पट्टा उमटला, पण हसायला कोणी तयार नव्हतं.

पाहुण्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि लगेच पस्तावल्या. रुमाल नाकाशी नेला, मग काय वाटलं कोण जाणे, तो परत पर्समध्ये ठेवला. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी बूट काढले.

"माझी बॅग इथे आणा. आज मी इथेच झोपणार आहे."

"इथे?" मॅडम किंचाळल्याच.

"का? चार वर्षांचं मूल झोपतं ना?"

मोठ्या साहेबांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझरनं जमिनीकडे बघितलं, मग त्याचा हात खिशात गेला. कानातली काडी ज्या खिशात ठेवायचा त्याच खिशातून त्यानं एक किल्ली काढली.

"एक क्वार्टर आहे तशी," तो म्हणाला. "कोरडी आहे. पाहुण्यांबरोबर कोणी आलं तर असावी म्हणून राखून ठेवलेली."

पाहुण्यांनी किल्ली त्याच्याकडून घेऊन वहिनीच्या हातात ठेवली आणि मगच बूट परत पायात चढवले. आनंद व्हायला हवा होता. पण त्या खिशाची ऊब किल्लीला अजून होती. ती ऑफिसात हेलपाटे घालत होती तेव्हाही ही इथेच होती. पोराच्या छातीची घरघर ऐकत ती बसायची तेव्हाही, ही इथेच, त्या काडीशेजारी. तिनं किल्ली कपड्याला पुसली, पुसली, आणि मुठीत आवळली.

त्याच संध्याकाळी सामान हललं. बायकांनी हातोहात नेलं. इंजिन ट्रक काखोटीला मारून नव्या घरात गेला आणि कोरड्या भिंतीला गाल लावून बघत बसला. शेवटची फेरी करायला वहिनी परत आली तेव्हा सुपरवायझर दारात उभा होता. कपाळावरचा रंग तेवढा पुसला होता, बाकी माणूस होता तसाच.

"वहिनी, क्वार्टर सोडताना भिंत स्वच्छ करून द्यावी लागते, माहीतच आहे तुम्हाला. सोमवारी नवं कुटुंब येतंय. तान्ही मुलगी आहे त्यांना." तो आवाज खाली आणून जवळ सरकला. "ते मेणाचं आता मलाही कळलंय. मी काही बोलणार नाही. घासून टाका पटकन."

वहिनीनं खिडकीतला मेणबत्तीचा उरलेला तुकडा उचलला. सुपरवायझर समाधानानं मान हलवू लागला. तिनं तो तुकडा खिडकीबाहेर भिरकावला, कोपऱ्यातली रंगाची बादली उचलली आणि मोरीत पालथी केली.

"भिंत तशीच राहील."

"शेरा पडेल हो, तुमच्या मालकांच्या नावावर!"

"पडू दे. मोठ्या अक्षरात लिहा. ओल होती म्हणून लिहा, आणि भिंत उघडी टाकून गेली म्हणून लिहा. त्या तान्हीच्या आईला दारातूनच दिसली पाहिजे."

तिनं पलंगाच्या जागचा कचरा झाडला नाही. फरशीवरचे रंगाचे ओघळ पुसले नाहीत. दारसुद्धा ओढून घेतलं नाही. कॉलनीत पहिल्यांदाच एक बाई घर घाण ठेवून निघाली होती, आणि ती टापटीप म्हणून नावाजलेली.